अस्सल बर्बन कशी ओळखावी: लेबल वाचायला शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकन व्हिस्कीची बाटली पहिल्यांदा हातात घेणाऱ्याचा बहुधा असा समज असतो, की केंटकी राज्यात बनलेली, चवीला गोडसर आणि बरीच वर्षे मुरलेली व्हिस्की म्हणजे बर्बन. यांपैकी एकही अट कायद्यात नाही. बर्बनची व्याख्या अमेरिकेच्या संघराज्य नियमावलीत लिहिलेली आहे आणि तिला चवीशी, किमतीशी किंवा ब्रँडच्या लौकिकाशी काही देणेघेणे नाही. कोणते धान्य आंबवले, किती तीव्रतेपर्यंत गाळले, कशात मुरवले आणि शेवटी बाटलीत आणखी काही मिसळले का, एवढेच ती पाहते. या व्याख्येतील बऱ्याच गोष्टी लेबलवर उमटलेल्या असतात. म्हणून नवख्याने चाखण्याच्या शास्त्राआधी लेबल वाचायला शिकावे, असे मला वाटते. (आपल्याकडे हे नाव चॉकलेटच्या क्रीम बिस्किटामुळे घरोघरी पोचले आहे, त्या बिस्किटात मद्याचा थेंबही नसतो, इतके सांगून तो विषय बाजूला ठेवतो.)

पायरी पहिली: लेबलवरचा वर्गवाचक शब्द शोधा

बाटलीवर ब्रँडचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची ओळ बहुधा त्याखाली लहान अक्षरांत छापलेली असते. ‘बर्बन व्हिस्की’, ‘स्ट्रेट बर्बन व्हिस्की’ किंवा ‘केंटकी स्ट्रेट बर्बन व्हिस्की’ असे शब्द तिथे सलग आलेले असतील, तर तो उत्पादकाने केलेला कायदेशीर दावा असतो आणि अमेरिकेतील मद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्य खात्याने बाजारात येण्यापूर्वी ते लेबल मंजूर केलेले असते. त्याऐवजी ‘अमेरिकन व्हिस्की’, ‘केंटकी व्हिस्की’ किंवा ‘बर्बनच्या पिंपात मुरवलेली’ असे काही लिहिलेले असेल, तर ती बर्बन नव्हे, हे तिथल्या तिथे ठरवून टाकावे. इंग्रजीत व्हिस्की लिहिताना शेवटी ‘ई’ आहे की नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. मेकर्स मार्क ही केंटकीतील नामांकित बर्बन ‘ई’ न लावताच हा शब्द लिहिते.

पायरी दुसरी: देश पाहा, राज्य पाहण्याचा हट्ट सोडा

बर्बन अमेरिकेतच बनलेली असली पाहिजे, ही अट मात्र पक्की आहे. दारूबंदीच्या काळात केंटकीतील एक भट्टी सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या ह्वारेझ शहरात हलवली गेली होती आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिथे बर्बन या नावाने व्हिस्की बनत होती. अमेरिकेच्या काँग्रेसने ४ मे १९६४ रोजी ठराव करून बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे जाहीर केले आणि या नावाने बाहेरून येणाऱ्या मालाला अमेरिकेचे दार बंद झाले. नाशिक किंवा गोव्यात कोणी मक्यापासून, अगदी नियमाबरहुकूम, तंतोतंत त्याच पद्धतीने व्हिस्की बनवली, तरी ती उत्तम व्हिस्की ठरू शकेल, बर्बन ठरणार नाही.

अमेरिकेच्या आत मात्र राज्याची अट नाही. टेक्सासमधील हाय या खेड्यात गॅरिसन ब्रदर्स ही कंपनी बर्बन बनवते, आणि न्यूयॉर्क, व्हर्जिनिया, इंडियाना या राज्यांतही ती बनते. बहुतांश बर्बन केंटकीत बनते, याचे कारण तिथले चुनखडीच्या थरांतून झिरपणारे लोहविरहित पाणी, मक्याची शेती आणि दोन शतकांहून जुनी परंपरा हे आहे. लेबलवर ‘केंटकी’ हा शब्द असेल तर मात्र राज्याचा कायदा आड येतो: ती व्हिस्की केंटकीतच गाळलेली आणि किमान एक वर्ष तिथेच मुरलेली असावी लागते.

पायरी तिसरी: धान्याचे प्रमाण समजून घ्या

आंबवायच्या धान्यात मका किमान ५१ टक्के असला पाहिजे. उरलेल्या ४९ टक्क्यांत काय घालायचे, हे उत्पादकावर सोडलेले आहे आणि बर्बनच्या चवीतला बराचसा फरक तिथेच घडतो. प्रचलित पद्धतीत मक्यासोबत थोडे राय हे धान्य आणि थोडे मोड आणून वाळवलेले बार्ली असते; राय जितके जास्त, तितकी चव मसालेदार आणि तिखटसर. फोर रोझेस ही कंपनी दोन वेगवेगळी मिश्रणे वापरते, एकात ६० टक्के मका आणि ३५ टक्के राय, दुसऱ्यात ७५ टक्के मका आणि २० टक्के राय. त्यांना पाच प्रकारच्या यीस्टची जोड देऊन ती दहा वेगवेगळ्या बर्बन तयार करते. मेकर्स मार्कमध्ये राय अजिबात नसते. त्याऐवजी १६ टक्के गहू असतो, त्यामुळे ती तुलनेने मऊ लागते. या दोन्ही कंपन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या, तर ‘बर्बनची चव’ अशी एकच चव नसते हे चटकन पटते.

मका जास्त म्हणजे बर्बन जास्त अस्सल, असेही समजू नये. ८० टक्के किंवा त्याहून जास्त मका असलेली ‘कॉर्न व्हिस्की’ हा स्वतंत्र वर्ग आहे, आणि ती ओकमध्ये ठेवायचीच असेल तर वापरलेल्या किंवा आतून न जाळलेल्या पिंपात ठेवावी लागते. तितकाच मका असलेले मद्य आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपात भरले, तर ते बर्बन होते. ‘सावर मॅश’ हे शब्दही पुष्कळ लेबलांवर दिसतात. मागच्या घाणीतील आंबट पाण्याचा काही भाग पुढच्या घाणीत मिसळण्याची ती पद्धत आहे. आम्लता सांभाळण्यासाठी जवळजवळ सगळेच उत्पादक ती वापरतात, पण कायद्याने ती सक्तीची नाही.

पायरी चौथी: तीव्रतेचे आकडे आणि ‘प्रूफ’चा घोळ

तीव्रतेबाबत तीन मर्यादा आहेत. गाळताना मद्यांश ८० टक्क्यांवर जाता कामा नये, कारण मद्य जितके जास्त गाळावे तितकी धान्याची चव निघून जाते आणि शेवटी निव्वळ स्पिरिट उरते. पिंपात भरताना मद्यांश ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. १९६२ पूर्वी ही मर्यादा ५५ टक्के होती आणि मेकर्स मार्क आजही त्या जुन्याच आकड्याला पिंपे भरते. बाटलीत भरताना मात्र तो किमान ४० टक्के असलाच पाहिजे. पहिले दोन आकडे लेबलवर सापडत नाहीत, तिसरा सापडतो.

भारतीय वाचकाची फसगत इथेच होते. अमेरिकेत प्रूफचा आकडा म्हणजे मद्यांशाची दुप्पट, त्यामुळे ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के. आपल्याकडच्या देशी बाटल्यांवर ‘४२.८ टक्के, ७५ अंश प्रूफ’ असे छापलेले असते आणि ते जुन्या ब्रिटिश मापाने मोजलेले असते. आकडा पाहून अमेरिकेची ८० प्रूफवाली बाटली अधिक कडक वाटते, प्रत्यक्षात आपली ७५ प्रूफवालीच जास्त तीव्र असते. म्हणून प्रूफ सोडून द्यावे आणि टक्केवारीच पाहावी.

आणखी एका आकड्याने नवखे गोंधळतात. काही बर्बनच्या बाटल्यांवर ६५ किंवा त्याहूनही जास्त टक्के लिहिलेले असते, मग भरतानाची ६२.५ टक्क्यांची मर्यादा कुठे गेली? केंटकीच्या कोठारांत वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात भयंकर उकाडा असतो, तिथल्या पिंपांतून मद्यापेक्षा पाणी अधिक वेगाने उडते आणि उरलेल्या द्रवाची तीव्रता वर्षागणिक चढत जाते. पाणी न मिसळता थेट पिंपातून भरलेल्या बाटलीवर तो चढलेला आकडा दिसतो. मर्यादा पिंपात जाताना लागू होते, बाहेर येताना नाही.

पायरी पाचवी: पिंप

संपूर्ण व्याख्येतील सर्वांत खर्चिक आणि चवीवर सर्वाधिक परिणाम करणारी अट ही आहे: बर्बन ओकच्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पात्रात मुरवली गेली पाहिजे. नेहमीचे पिंप अमेरिकन पांढऱ्या ओकचे आणि सुमारे २०० लिटरचे असते. फळ्या जोडून झाल्यावर त्याच्या पोटात आगीचा लोळ सोडला जातो आणि अगदी अर्ध्या-एक मिनिटात आतला पृष्ठभाग काळाकुट्ट होतो. जाळण्याच्या प्रमाणाला एक ते चार असे क्रमांक देण्याची प्रथा आहे. चौथ्या क्रमांकाला लाकूड इतके तडकते की त्यावर मगरीच्या पाठीसारखे खवले उठतात, आणि त्याला धंद्यात मगरीच्याच नावाने ओळखतात. कोळशाचा हा थर मद्यातील उग्र गंधकयुक्त घटक शोषून घेतो. त्याच्या मागे, उष्णतेने भाजल्या गेलेल्या लाकडात, ओकमधील शर्करा कॅरमेलसारखी झालेली असते. उन्हाळ्यात मद्य प्रसरण पावून त्या थरापर्यंत शिरते, हिवाळ्यात माघारी येते. बर्बनचा तांबूस रंग आणि व्हॅनिलाची आठवण करून देणारा वास, दोन्ही तिथूनच येतात.

नियमाचे शब्द बारकाईने वाचण्यासारखे आहेत. त्यात पिंप असे म्हटलेले नसून पात्र म्हटले आहे, ओक अमेरिकन असावा असे म्हटलेले नाही, आणि पात्राच्या आकाराचे बंधनही नाही. त्यामुळे काही लहान उत्पादक पाच-दहा लिटरांची पिंपे वापरून थोड्या महिन्यांत गडद रंग मिळवतात. ते कायदेशीर आहे. पण लाकडाचा कडवटपणा त्या बर्बनमध्ये पुष्कळदा पुढे येतो आणि मुरण्यातून येणारा मऊपणा मागेच राहतो, असे माझे मत आहे.

एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळावी तसे दुसऱ्या वापरात लाकूड कमी रंग आणि कमी चव देते. इतर प्रकारच्या व्हिस्कींना तेच हवे असते. त्यामुळे ही रिकामी पिंपे स्कॉटलंड, आयर्लंड, कॅरिबियन बेटे आणि भारतातही जातात. गोव्यातील कुंकळ्ळी येथे बनणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट अशाच पिंपांत मुरते. तिच्या माहितीत बर्बनचा उल्लेख येतो तो या पिंपांपुरता. बाटलीतले मद्य बार्लीचे आणि गोव्याचे असते. उलट्या बाजूचे उदाहरण अर्ली टाइम्सचे आहे. केंटकीतील हा जुना ब्रँड, पण १९८०च्या दशकापासून त्यातील काही भाग वापरलेल्या पिंपांत मुरवला जाऊ लागला आणि अमेरिकेतील त्या बाटलीवर ‘बर्बन’ऐवजी ‘केंटकी व्हिस्की’ असे लिहिणे भाग पडले. एवढ्या एका बदलाने नाव गेले.

पायरी सहावी: काय मिसळलेले नाही ते पाहा

बर्बनमध्ये पाण्याखेरीज काहीही मिसळता येत नाही. रंगासाठी कॅरमेल चालत नाही, सुगंध चालत नाही, साखर चालत नाही. स्कॉच व्हिस्कीत रंगासाठी कॅरमेल घालण्याची मुभा आहे, त्यामुळे या एका बाबतीत बर्बनचा कायदा अधिक कडक आहे. मध, चेरी किंवा दालचिनीची चव दिलेल्या बाटल्यांवर बर्बनचे नामांकित ब्रँड झळकतात, पण त्यांचा वर्ग वेगळा असतो आणि तो लेबलवर लिहावाच लागतो. त्यांतील पुष्कळांचा मद्यांश ४० टक्क्यांच्या खाली असतो, ही त्यांची सोपी खूण. बर्बन तयार झाल्यावर ती पोर्ट वाइनच्या पिंपात काही काळ ठेवली, तर तेही लेबलवर स्पष्ट सांगावे लागते. एंजल्स एन्व्ही हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

‘ब्लेंडेड बर्बन’ या शब्दांपुढे थांबावे. तिच्यात स्ट्रेट बर्बनचा हिस्सा ५१ टक्के असला की पुरे, बाकीचा भाग साध्या स्पिरिटचाही असू शकतो. ‘ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन्स’ म्हणजे मात्र वेगवेगळ्या स्ट्रेट बर्बन एकत्र केलेल्या असतात. शब्द तेच, क्रम बदलला की माल बदलतो.

पायरी सातवी: वय आणि ‘स्ट्रेट’

साध्या बर्बनला किमान वयाची अट नाही. पिंपात ओतली आणि अल्पावधीत काढली, तरी ती नावाला पात्र ठरते. ‘स्ट्रेट’ हा शब्द आला की किमान दोन वर्षांचे मुरणे आवश्यक होते. चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय छापणे सक्तीचे आहे. त्यामुळे वय न छापलेली स्ट्रेट बर्बन किमान चार वर्षांची आहे, असे अनुमान निर्धास्तपणे काढता येते. वय छापलेले असेल, तर ते त्या बाटलीतील सर्वांत तरुण बर्बनचे असते. नवख्याला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल, तर मी ‘स्ट्रेट’ हाच सुचवेन. ‘स्मॉल बॅच’, ‘हस्तनिर्मित’, ‘राखीव’ यांसारख्या शब्दांना कायद्यात ठरलेला अर्थ नाही. स्मॉल बॅच म्हणजे किती पिंपे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

पायरी आठवी: ‘बॉटल्ड इन बाँड’ दिसले तर लेबल उलटून पाहा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली निव्वळ स्पिरिटला रंग आणि चव लावून विकण्याचा सुळसुळाट झाला होता. केंटकीतील उत्पादक कर्नल एडमंड टेलर आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. या शिक्क्याची व्हिस्की एकाच भट्टीत, एकाच वर्षाच्या जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर या हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या कोठारात किमान चार वर्षे मुरलेली आणि नेमकी ५० टक्के तीव्रतेची असते. भट्टीचा नोंदणी क्रमांकही लेबलवर द्यावा लागतो. टेलर यांच्याच नावाने आज निघणाऱ्या बर्बनच्या लेबलवर ‘डीएसपी-केवाय-११३’ असे दिसते: ‘डीएसपी’ म्हणजे नोंदणीकृत मद्यभट्टी, ‘केवाय’ म्हणजे केंटकी आणि ११३ हा फ्रँकफर्ट येथील बफेलो ट्रेस या भट्टीचा क्रमांक. व्हिस्की नेमकी कुठे बनली, हे इतक्या उघडपणे सांगणारे दुसरे लेबल क्वचितच मिळते. शिवाय अशा बर्बन फार महाग नसतात, त्यामुळे शिकणाऱ्याला त्या सोयीच्या पडतात.

पायरी नववी: गाळली कुठे आणि भरली कुठे

इतर बाटल्यांवर ‘डिस्टिल्ड बाय’ आणि ‘बॉटल्ड बाय’ यांतील फरक पाहावा. दुसऱ्याकडून तयार माल घेऊन स्वतःच्या नावाने विकणे कायदेशीर आहे आणि त्यातून कित्येक चांगल्या बर्बन आलेल्या आहेत. आजोबांच्या गुप्त कृतीची कथा मागच्या बाजूला छापून तोच माल दुप्पट दराने विकला जातो, तेव्हा मात्र ग्राहकाने सावध व्हावे. पत्त्यातले राज्य आणि गाळण्याचे राज्य वेगळे असेल, तर गाळण्याचे राज्य लिहिण्याची सक्ती आहे. इथे एक गमतीचा सापळा आहे: लॉरेन्सबर्ग नावाची दोन गावे आहेत. केंटकीतील लॉरेन्सबर्गजवळ वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस यांच्या भट्ट्या आहेत. इंडियानातील लॉरेन्सबर्गात इतरांना माल पुरवणारी प्रचंड मोठी भट्टी आहे. नुसते गावाचे नाव वाचून केंटकी गृहीत धरू नये.

टेनेसीचे काय

टेनेसी राज्यात बनणारी जॅक डॅनियल्स ही व्हिस्की बर्बन आहे का, हा प्रश्न हमखास येतो. मका, कोरे जाळलेले पिंप, तीव्रतेच्या मर्यादा, सगळ्या अटी ती पाळते; त्याशिवाय पिंपात भरण्याआधी मद्य साखर-मेपलच्या कोळशाच्या जाड थरातून थेंबाथेंबाने गाळून घेतले जाते. कंपनीला बर्बन म्हणवून घ्यायचे नाही, तिला टेनेसी व्हिस्की हे वेगळे नाव हवे आहे, आणि २०१३ मध्ये त्या राज्याने कोळशातून गाळण्याची अट आपल्या कायद्यातही घातली. म्हणजे व्याख्येत बसूनही लेबलवर बर्बन नाही. माझ्या मते खरेदी करणाऱ्याने लेबलचाच शब्द मानावा.

भारतात खरेदी करताना

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी भारताने बर्बनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. सवलत केवळ बर्बनला होती, इतर आयात मद्यांवरचे शुल्क तेव्हा तसेच राहिले. त्यामुळे वर्गवाचक शब्दाला आपल्याकडे पैशाचाही अर्थ आला. तरीही राज्याचे उत्पादन शुल्क निराळे असल्याने मुंबईतली आणि पणजीतली किंमत एक असत नाही. आयात बाटलीवर आयातदाराचे नाव आणि कमाल किरकोळ किंमत असलेली चिकटपट्टी असते. ती नसेल तर बाटली ठेवून द्यावी, आणि सील नीट पाहावे, कारण अस्सल लेबलच्या रिकाम्या बाटलीत दुसराच माल भरला तर वरच्या नऊ पायऱ्यांचा काही उपयोग नाही. महाराष्ट्रात व्हिस्की घेण्यासाठी वय २५ पूर्ण असावे लागते आणि परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

भारतात भरलेल्या काही मिश्र व्हिस्कींच्या जाहिरातीत अमेरिकन बर्बनचा उल्लेख असतो. ओकस्मिथ हे त्याचे परिचित उदाहरण. तिच्यात स्कॉच माल्ट आणि अमेरिकन बर्बन भारतीय स्पिरिटसोबत मिसळलेले असतात. ते लपवलेलेही नसते, पण बर्बन घ्यायला निघालेल्याने ती बर्बन समजून घेऊ नये. शंका उरलीच, तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्रँडचे मंजूर लेबल त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदवहीत शोधता येते. ब्रँडचे नाव टाकले की लेबलचे चित्र आणि त्याचा वर्ग समोर येतो, आणि दुकानातली बाटली त्याच्याशी ताडून पाहता येते.